आडालबर्ट श्टिफ्टर यांची 'ग्रानिट': वंगणाने माखलेली पावले आणि न विचारलेला प्रश्न

ओसरी

जर्मन शिकत असताना आमच्या वर्गात एका कथेची पहिली दोन पाने वाचून घेतली होती. ती पाने डोक्यातून गेली नाहीत म्हणून पुढे बऱ्याच वर्षांनी मी पूर्ण कथा मिळवून वाचली, आणि आता तिचे मराठी भाषांतर करायला घेतले आहे. कथा आहे ऑस्ट्रियन लेखक आडालबर्ट श्टिफ्टर यांची 'ग्रानिट', म्हणजे ग्रॅनाइटचा दगड. त्यांच्या 'बुंटे श्टाइने' म्हणजे 'रंगीत दगड' या 1853 साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ही पहिली कथा. संग्रहात एकूण सहा कथा आहेत आणि प्रत्येकीला एका दगडाचे किंवा खनिजाचे नाव दिलेले आहे.

श्टिफ्टर यांचा जन्म 1805 साली बोहेमियाच्या दक्षिण टोकाला ओबरप्लान या गावी झाला. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव होर्नी प्लाना असे आहे. वडील तागाचे कापड विणत आणि तागाचा व्यापार करीत. 1817 साली तागाने भरलेली गाडी उलटून तिच्याखाली सापडून ते वारले, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षी आजोळच्या आजोबांनी त्याला क्रेम्सम्युन्स्टर येथील मठाच्या शाळेत नेऊन घातले. हे चरित्र कथेत कोठेही सांगितलेले नाही, परंतु कथेच्या पहिल्याच वाक्यात वडिलांच्या जन्मघराचा उल्लेख येतो आणि मुलाला सावरायला मात्र आजोबा पुढे येतात, याकडे ते माहीत असलेल्या वाचकाचे लक्ष गेल्यावाचून राहत नाही.

कथेची सुरुवात एका दगडाने होते. घराच्या दाराशेजारी आठ कोपऱ्यांचा, लांबट ठोकळ्यासारखा एक मोठा दगड आहे. त्याच्या बाजू ओबडधोबड आहेत, पण वरचा भाग पिढ्यान्‌पिढ्या लोक बसल्यामुळे झिलई चढवल्यासारखा गुळगुळीत झाला आहे. तो तेथे कधी आणला हे कोणालाच आठवत नाही. या दगडावर लहानपणी निवेदक बसत असे आणि रस्त्याने येणारे-जाणारे पाहत असे. त्या येणाऱ्यांमध्ये गाड्यांच्या आखाला घालायचे वंगण विकणारा एक माणूस होता. त्याची एकचाकी ढकलगाडी, तिच्यावरचे पिंप आणि अंगावरचे कपडे, सगळे काळे आणि चकचकीत. एके दिवशी तो मुलाला विचारतो, तुझे पाय माखून देऊ का? हा विलक्षण माणूस आपल्याशी एवढ्या सलगीने बोलतो आहे याचाच त्या मुलाला मान वाटतो आणि तो दोन्ही पाय पुढे करतो. वंगण कातडीवर सुंदर पसरते, पाय तपकिरी रंगाने चमकू लागतात, आणि हे वैभव आईला दाखवायला मुलगा तसाच नुकत्याच घासून पुसलेल्या लाकडी फरशीवरून घरात जातो.

पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. आई त्याला उचलून पुढच्या पडवीत आणते आणि तेथे पडलेल्या पानांसकट फोकांनी त्याच्या पायांवर मारत राहते. फोकांची पाने, मुलाची विजार, आईचे ॲप्रन, खालचे दगड, सगळ्याला वंगण लागेपर्यंत ती मारते आणि मग त्याला सोडून आत निघून जाते. या ठिकाणी श्टिफ्टर यांनी लिहिलेले वाक्य भाषांतरात आणताना मी तीन दिवस अडलो होतो. मुलगा म्हणतो की या पृथ्वीवरच्या माझ्या सर्वांत लाडक्या नातलगाशी माझे असे वितुष्ट आले, यामुळे मी जणू नष्टच झालो. मोठ्या माणसाची घडीव भाषा आहे ही, पण तिच्या आत जो धक्का आहे तो अगदी पाच-सहा वर्षांच्या पोराचा आहे, आणि दोहोंचे वजन सारखे राखणे हे फार अवघड काम आहे. मुलाला रडूही येत नाही. सूत बडवण्यासाठी पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका दगडावर तो जाऊन बसतो.

आजोबा येतात, विचारपूस करतात, पाय धुऊन देतात आणि स्वतःला काम असलेल्या शेजारच्या मेल्म गावी त्याला बरोबर घेऊन जातात. वाटेत ते त्याला डोंगर, राने, वाड्या यांची नावे विचारतात आणि मुलगा एकेक सांगत जातो. रानातून वर चढणारे धुराचे खांब दिसतात, आणि त्या धुराच्या निमित्ताने आजोबा फार पूर्वी या भागात आलेल्या प्लेगची गोष्ट सांगतात. राळ जाळून डांबर काढणारे एक कुटुंब साथीच्या भीतीने उंच रानात जाऊन राहिले, बाकी माणसांशी त्यांनी संबंध तोडला, तरी रोग तेथे पोहोचला आणि एका मुलाखेरीज सगळे गेले. त्या मुलाला काटेरी झुडपांत आजारी पडलेली एक मुलगी सापडते. तो तिला पाणी पाजतो, तिची सेवा करतो, ती बरी होते आणि दोघे रानातून माणसांत परत येतात. पुढे मोठेपणी त्यांचे लग्न होते.

रात्री मुलगा अंथरुणात अर्धवट झोपेत असताना आई येते आणि त्याच्यावर क्रुसाची खूण करते. सर्व काही क्षमा झाले आहे हे त्याला कळते आणि तो झोपी जातो. अनेक वर्षे जातात. दगड अजून दारापुढे आहे, बहिणीची मुले त्यावर खेळतात आणि म्हातारी आई त्यावर बसून, तिचे मुलगे ज्या ज्या दिशांना पांगले आहेत त्या दिशांकडे पाहत असेल. निवेदकाला आजोबांची सारी गोष्ट आठवते. पण फरशीवरचे ते डाग धुऊन गेले की रंधा मारून काढावे लागले, हे मात्र आठवत नाही. घरी जायचे ठरले की आईला विचारू असे तो मनाशी ठरवतो आणि दर वेळी विसरतो. कथा येथे संपते.

माझे मत असे आहे की ही सगळी नोव्हेला, म्हणजे दीर्घकथा, या शेवटच्या विसरण्यासाठी लिहिलेली आहे. कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेली, कित्येक पिढ्यांपूर्वीची गोष्ट शब्दाशब्दाने आठवते आणि स्वतःच्या पावलांच्या डागांचे काय झाले ते आठवत नाही. आजोबांनी त्या एका दुपारी काय केले ते यावरून मोजता येते. आपल्यापैकी ज्यांनी ही कथा मुळातून किंवा इंग्रजीतून वाचली असेल त्यांनी लिहावे. न वाचलेल्यांनीही अवश्य लिहावे.

रानवाट

मी कथा वाचलेली नाही, तेव्हा फक्त शब्दाविषयी लिहितो. आमच्या घरी बैलगाडी होती आणि आखाच्या काळ्या वंगणाचा डाग कपड्यावर पडला की तो कपडा फाटेपर्यंत डाग राही, त्यामुळे या आईचा राग मला फार परका वाटत नाही. आपण 'वंगण' हाच शब्द ठेवावा. 'ग्रीस' लिहिले तर डोळ्यांपुढे गॅरेज येते. परंतु डांबर काढणाऱ्या कुटुंबासाठी कोणता शब्द घेणार आहात? 'डांबर' म्हटले की आजच्या वाचकाला रस्ताच दिसतो.

ओसरी

तोच पेच आहे. मूळ शब्द 'पेखब्रेनर'. राळेने भरलेले पाइनसारख्या झाडांचे लाकूड बेताच्या हवेत तापवले की त्यातून काळा, चिकट द्रव पाझरतो. तो आटवून गाडीचे वंगण, होड्यांच्या फटी बुजवण्याचा लेप असे पदार्थ तयार होत. त्यावर जगणारे हे लोक. 'पेख' या शब्दाचा जर्मनमध्ये दुर्दैव असाही अर्थ आहे आणि तो मराठीत आणणे मला शक्य दिसत नाही. कोकणात कातभट्टी आणि कोळशाची भट्टी हे शब्द आहेत, त्यांच्या धर्तीवर 'राळभट्टीवाले' असा शब्द मी सध्या वापरतो आहे. बोटीला राळ लावणारे लोक किनाऱ्यावर असल्यामुळे 'राळ' अजून जिवंत आहे.

नदीपार

'राळभट्टीवाले' उत्तम आहे, परंतु आपल्या मुख्य मताशी मी सहमत नाही, आणि असहमतीची कारणे थोडी सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

नोव्हेला म्हणजे काय, याविषयी जर्मन कवी गटे यांनी 1827 साली आपले सहकारी एकरमान यांच्याशी बोलताना काढलेले उद्गार जर्मन साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जातात. पूर्वी कधी न ऐकलेली, पण खरोखर घडलेली घटना म्हणजे नोव्हेला, असे ते म्हणाले होते. 'ग्रानिट'मध्ये अशी घटना कोणती? आपण म्हणाल, पायांना लागलेले वंगण. मी म्हणेन, प्लेग. पोराने घर घाण केले आणि मार खाल्ला, ही जगातली सर्वांत जास्त वेळा ऐकलेली घटना आहे. सगळ्या गावातून माणसे नाहीशी होत असताना एक मूल दुसऱ्या मुलाला जगवते, ही न ऐकलेली घटना. फरशीवरचे डाग हे त्या कथेकडे नेणारे दार आहे.

याला आधार म्हणजे कथेचा इतिहास. ही कथा प्रथम 'डी पेखब्रेनर' या नावाने 1849 च्या एका वार्षिकात आली होती. म्हणजे मूळ शीर्षकात दगड नव्हता, मुलगा नव्हता, तो राळभट्टीवालाच होता. त्या पहिल्या पाठात तो बाप फार कठोर आहे. आपल्या मुलाने रानात आलेल्या परक्या, भुकेल्या माणसांना अन्न दिले म्हणून तो त्याला उंच खडकावर नेऊन सोडतो. 1853 च्या पाठात श्टिफ्टर यांनी हा सारा भाग काढून टाकला. पहिला पाठ अधिक धारदार होता असे मला वाटते, आणि त्यात भीतीने माणसाचे काय होते हे अधिक प्रामाणिकपणे आलेले आहे.

ओसरी

आपण दिलेला इतिहास बरोबर आहे, परंतु त्यातून मी उलट निष्कर्ष काढीन. पहिल्या पाठात दोन शिक्षा आहेत, आईची आणि राळभट्टीवाल्या बापाची, आणि दुसरी इतकी भयंकर आहे की तिच्यापुढे पहिली किरकोळ ठरते. मार खाल्लेल्या मुलाला आजोबांनी अशी गोष्ट सांगणे म्हणजे, याहून वाईट होऊ शकते, असे सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या पाठात खडक गेला आणि साऱ्या कथेत शिक्षा म्हणून केवळ ते फोकांचे फटके उरले. त्यामुळे ते लहान दुःख पूर्ण आकाराचे होते. आजोबांच्या गोष्टीत आता फक्त आजार आहे, एकटेपणा आहे आणि एका मुलाने दुसऱ्या मुलाचा केलेला सांभाळ आहे. ज्याचे पाय नुकतेच कोणी धुऊन दिले आहेत अशा मुलाला सांगायची ही गोष्ट आहे. ती वाटेवर सांगितली जाते, तीही डोंगरांची नावे घेता घेता, यालाही माझ्या दृष्टीने फार महत्त्व आहे. आजोबा विचारतात, त्या तिकडे काय दिसते? मुलगा उत्तर देतो. उजवीकडे पुढे? पुन्हा उत्तर. काही पाने हेच चालते आणि घाईचा वाचक ती पाने गाळतो. पण थोड्याच वेळापूर्वी ज्याचे जग नाहीसे झाले होते त्या मुलाकडून आजोबा ते जग एकेका नावाने पुन्हा जागेवर ठेववून घेत आहेत. मी भाषांतरात यातले एकही नाव गाळणार नाही.

मृदुनियम

या चर्चेत संग्रहाची प्रस्तावना आल्याशिवाय ती पुरी होणार नाही. नाटककार फ्रीडरिश हेबेल यांनी 1849 साली एक छोटी उपहासाची कविता लिहून श्टिफ्टर यांच्यासारख्या लेखकांना टोचले होते, की तुम्हाला फुले आणि किडे एवढे छान दिसतात याचे कारण तुम्हाला माणसे आणि ग्रहतारे दिसत नाहीत. 'रंगीत दगड'च्या प्रस्तावनेत श्टिफ्टर यांनी त्याला उत्तर दिले आहे. वाऱ्याची झुळूक, पाण्याचे झुळझुळणे, धान्याचे वाढणे यांना मी मोठे मानतो, आणि वादळ, वीज, ज्वालामुखी, भूकंप यांना त्यांच्याहून मोठे मानत नाही, किंबहुना लहान मानतो, असे ते म्हणतात. गरीब बाईच्या भांड्यातले दूध ज्या शक्तीने फुगून वर येते त्याच शक्तीने ज्वालामुखीतला लाव्हाही वर येतो, असा दाखला ते देतात. माणसाच्या आयुष्यालाही असाच एक 'मृदू नियम' चालवतो, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे सदस्यनाव तेथूनच घेतलेले आहे.

नदीपार यांना माझे सांगणे एवढेच, की न ऐकलेल्या घटनेची मागणी घेऊन या लेखकाकडे जाणे म्हणजे ज्या मापाला त्याने जाहीरपणे नकार दिला त्याच मापाने त्याला मोजणे होय. प्लेगला त्याने आजोबांच्या तोंडी, चालता चालता सांगितलेल्या गोष्टीत ठेवले आणि वंगणाच्या डागांना स्वतःच्या तोंडी ठेवले. ही मांडणी त्याने विचारपूर्वक केलेली आहे.

नदीपार

मान्य. प्रस्तावना मी वाचली होती, पण ती या कथेच्या रचनेला लावून पाहिली नव्हती. तरीही एक शंका राहते. हा लेखक शांततेचा एवढा आग्रह धरतो तेव्हा तो काहीतरी दाबून ठेवतो आहे असे मला सारखे वाटत राहते. त्यांचे नंतरचे आयुष्य पाहिले तर मूल नाही, सांभाळलेली मुलगी 1859 साली डॅन्यूबमध्ये बुडून गेली, आणि 1868 च्या जानेवारीत असह्य आजारात त्यांनी स्वतःच्या गळ्यावर वस्तरा चालवला व दोन दिवसांनी ते वारले. मृदू नियमाखाली एवढे सगळे होते.

मृदुनियम

होते, आणि मला वाटते म्हणूनच तो नियम त्यांनी एवढ्या निकराने मांडला. त्या 'जणू नष्टच झालो' या शब्दांत ते सारे आधीच ऐकू येते.

पारिजात

मी मराठीची शिक्षिका आहे. वंगणाने माखलेले पाय आणि आई हे वाचताक्षणी मला 'श्यामची आई'मधला तो प्रसंग आठवला, ज्यात आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई स्वतःचे लुगडे दगडावर पसरते. तेथेही लहान मुलाचे पाय, आई आणि घाण, तेथेही मोठेपणी सांगितलेली आठवण. दोन्ही लेखकांना एकमेकांचे अस्तित्व माहीत असण्याचे कारण नाही, तरी आईच्या आठवणीची सुरुवात पावलांपासून व्हावी याचे मला नवल वाटले. आपल्याला हे साम्य वरवरचे वाटते का?

ओसरी

वरवरचे मुळीच नाही, आणि मला ते सुचले नव्हते याबद्दल आपले आभार. फरक मात्र मोठा आहे. साने गुरुजींची आई त्या क्षणी मुलाला सांगते की पायांना जपतोस तसे मनालाही जप, आणि आठवण त्या बोधासाठी जपलेली आहे. श्टिफ्टर यांची आई काहीच सांगत नाही. ती मारते, आणि रात्री येऊन क्रुसाची खूण करून जाते. तिने 'चुकले माझे' म्हटले का, मुलाने म्हटले का, याविषयी एक अक्षर नाही. मुलाला क्षमा कळते ती झोपेच्या उंबऱ्यावर आणि स्पर्शाने. मला दोन्ही प्रिय आहेत, पण भाषांतर करताना पहिल्याची सवय दुसऱ्यात शिरू नये याची मला फार काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे आईच्या आठवणींचे मराठी हळूहळू सद्गदित होत जाते. श्टिफ्टर यांचे जर्मन तसे होत नाही, ते शेवटपर्यंत वस्तूंची नावे सांगत राहते.

उत्तरायण

मी गेली काही वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि होर्नी प्लाना येथे एकदा जाऊन आलो आहे. श्टिफ्टर यांचे जन्मघर आता लहानसे संग्रहालय आहे. ही कथा वाचून जाणाऱ्याला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आजोबा आणि नातू ज्या खोऱ्याकडे पाहतात त्याचा तळ आता पाण्याखाली आहे. व्ल्तावा नदीवर लिप्नोचे धरण 1950 च्या दशकात बांधले गेले आणि त्याचा जलाशय गावाच्या पायथ्याशी येऊन टेकला आहे. पलीकडच्या काठाला जायला नाव मिळते. त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धानंतर, तेथील जर्मन भाषिकांना देशाबाहेर घालवण्यात आले होते. त्यामुळे आजोबांनी नातवाकडून म्हणवून घेतलेली ती जर्मन नावे आता त्या भागात रोजच्या बोलण्यात नाहीत. डोंगर तेच आहेत, रान तेच आहे, नावे चेक आहेत. मी काठावर उभा राहून कथेतली नावे नकाशाशी जुळवण्याचा प्रयत्न केला, थोडी जुळली आणि बाकीची जुळली नाहीत.

ओसरी यांनी एकही नाव न गाळण्याचे ठरवले आहे, हे वाचून मला विशेष बरे वाटले.

रानवाट

ही सारी चर्चा वाचून काल रात्री मी कथा इंग्रजीतून वाचून काढली. माझे मत कोणाच्याही बाजूचे नाही. मला सर्वांत जास्त आवडली ती प्लेगच्या काळातली पक्ष्याची हकीकत. माणसे मरत असताना एक पक्षी झाडावरून गातो, जेन्शन आणि पिंपिनेल या औषधी मुळ्या खा, उठा, इतक्या लवकर मरू नका. आजोबा हे अगदी गंभीरपणे सांगतात आणि मुलगा तितक्याच गंभीरपणे ऐकतो. मूळ जर्मन ओळींत यमक आहे का?

ओसरी

आहे, 'पिंपिनेल' आणि 'श्नेल' असे. मी सध्या असे केले आहे: 'जेन्शन खा, पिंपिनेल खा, उठा जरा, मरायाची एवढी का बरे त्वरा?' वनस्पतींची नावे तशीच ठेवली आहेत, कारण आपल्याकडच्या एखाद्या मुळीचे नाव तेथे घातले तर पक्षी सह्याद्रीतला होईल. 'त्वरा' पक्ष्याच्या तोंडी जरा जड वाटतो. कोणाला सुचले तर सुचवावे.

पारिजात

'खा जेन्शन, खा पिंपिनेल, उठा उठा. एवढ्यात कुठे निघालात, थांबा थोडा.' यमक पुरे जुळत नाही, पण पाखरू असे बोलेल.

ओसरी

'एवढ्यात कुठे निघालात' हे मी घेतो. आजारी माणसाच्या उशाशी बसलेली बाई असेच म्हणते.

आता शेवटच्या वाक्याचा प्रश्न. निवेदक म्हणतो की घरी जायचे ठरले की आईला विचारायचे मी ठरवीत असे, पण तेही दर वेळी विसरत असे. जर्मनमध्ये क्रियापद भूतकाळी आहे. मराठीत 'विसरत असे' लिहिले की ती सवय संपली, आई आता नाही, असा भास होतो. 'विसरतो' लिहिले तर काळ बदलतो. कथेत तर थोड्याच ओळी आधी आई जिवंत आहे, दगडावर बसलेली आहे.

मृदुनियम

'विसरत आलो' करून पाहावे. 'पण तेही मी दर वेळी विसरत आलो.' यात भूतकाळ राहतो आणि दारही उघडे राहते. दार उघडे ठेवायला हवे, कारण श्टिफ्टर यांची आई 1858 पर्यंत जिवंत होती. पुस्तक छापून आले तेव्हा डागांचे काय झाले हे तिला विचारता येण्यासारखे होते.

ओसरी

'विसरत आलो' घेतले. पहिल्या चार पानांचा मसुदा येत्या रविवारी येथेच देतो.